हाशा घरतच्या खांद्यावरची अक्षरं

नवीन पनवेलच्या चारुदत्त लेल्यांनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात रायफली तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून लोक त्यांना आजा-पणजाचे लढाईतले फोटो पाठवत. ही बंदूक कुठली, हा बिल्ला कुठल्या पलटणीचा, एवढंच विचारत. लेले एकेका फोटोवर आठवडा घालवत. बायको शशिकला म्हणायची, मोरीतला गळका नळ कधी एवढ्या बारकाईनं पाहिला नाहीत.

बेलपाड्याच्या निकेश घरतचा फोटो आला आणि पहिल्या नजरेतच लेल्यांचं डोकं फिरलं. शिपायाचा चेहरा नुकता फेशियल केल्यासारखा तुकतुकीत. रायफलीचा खटका उजवीकडे हवा तो डाव्या बाजूला, नळी पुढे वीतभर आलेली, आणि डोक्यावरचा बिल्ला सिंह म्हणावा तर सिंह, फुलकोबी म्हणावी तर फुलकोबी.

लेल्यांनी फोन केला. निकेश जमिनीची कामं करणारा, तोंडानं गोड. त्यानं सांगितलं, पणजोबा हाशा घरत दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, परदेशात लढताना गेले. गावाच्या तोंडाशी त्यांच्या नावाचा काळा दगड बसवायचाय, त्यावर बंदूक आणि बिल्ला कोरायचाय, तेव्हा नावं सांगा. लेले म्हणाले, हा फोटो नाहीच. फोटोच्या दुकानदारानं कॉम्प्युटरकडून साफ करून घेतलाय आणि जे दिसलं नाही ते कॉम्प्युटरनं मनानं काढलंय. मूळ फोटो पाठवा.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो मोठा होऊन आला. तिसऱ्या दिवशी मागे तिरंगा लावून. चौथ्या दिवशी व्हिडिओ आला, त्यात हाशा घरत पापण्या मिटून-उघडून सॅल्यूट करत होता. लेल्यांनी फोन पालथा ठेवला आणि पुढ्यातला चहा तसाच गार होऊ दिला.

शेवटी ते स्वतःच बस पकडून खारघरमधल्या बेलपाड्याला गेले. निकेश म्हणाला, ओरिजिनल दुकानात असेल. दुकानदार म्हणाला, केव्हाच परत दिला. पुन्हा निकेशकडे, तर निकेश साइटवर गेलेला. लेले घामानं भिजून त्याच्या तीनमजली बंगल्याच्या पायरीवर बसले. पंधरा दिवस एका कागदाच्या तुकड्यासाठी! निकेशची आई मनिषा पाणी घेऊन आली. तिनं जाताजाता सांगितलं, बाबांना विचारून पाहा.

बाबा म्हणजे काशिराम, हाशाचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं त्र्याऐंशी. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. त्यानं सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, आणि त्यामागे फोटो.

"तुमच्याकडेच होता? मग सांगितलं का नाही?" लेले जवळजवळ ओरडले.

"मना कोनी इचारला नाय," काशिराम म्हणाला.

फोटो तळहाताएवढा, कोपरे खाल्लेला. पण लेल्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा राग ओसरला. रायफलीचं तोंड चपटं, नळी लाकडाच्या बाहेर जेमतेम. जुनी थ्री-नॉट-थ्री, हातावरच्या रेषेसारखी ओळखीची. छातीवरून तिरका चामड्याचा पट्टा, त्यावर गोळ्यांचे खिसे. असा पट्टा घोडी-खेचरं सांभाळणाऱ्यांना असे, पायदळाच्या शिपायाला कापडी पिशव्या असत. खांद्यावर पितळी अक्षरं. पहिली दोन घडीखाली गेलेली, पुढची तीन, ए, एस, सी, स्पष्ट. लेल्यांनी भिंग पुसून दोनदा पाहिलं. मराठा पलटण नव्हती ती. रसद पोचवणारं खातं होतं. आणि तो पट्टा पाहता हाशा बहुतेक खेचरांच्या तुकडीत होता.

एवढ्यात निकेश आला. लेल्यांनी सगळं समजावून सांगितलं. निकेशनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, दगड कोरून झाला. रविवारी उद्घाटन हाय. आणि असा कोनाला कलतंय?"

"मग मला विचारलं कशाला?"

"वाटला, तुमी पन मराठाच बोलाल."

काशिरामनं फोटो परत हातात घेतला. तो हळूच म्हणाला, "मंग माझा बापूस लढला नाय?"

"लढाईतच होते ते," लेले म्हणाले. "जिथे गाडी चढत नव्हती तिथे दारूगोळा आणि शिधा खेचरांवरून जायचा. वरून गोळे पडत असले तरी जायचा."

काशिरामनं मान हलवली. निकेश फोनवर मांडववाल्याशी बोलू लागला होता.

लेले त्या रात्री जेवताना शशिकलेवर उगीच खेकसले. चुकीचा दगड लावायचा तर लावा म्हणावं, आपण जाणारच नाही. तरी रविवारी गेलेच. दगडावरून फुलांची चादर दूर झाली. 'मराठा पलटणीचे वीर' अशी सोनेरी अक्षरं, शेजारी डाव्या खटक्याची बंदूक, फुलकोबी, आणि सगळ्यांत खाली 'माहिती साहाय्य : श्री. चारुदत्त लेले.' जन्मात चुकीच्या रायफलीवर लेल्यांनी सही केली नव्हती.

भाषणं झाली. मुलगा म्हणून काशिरामच्या हातात माइक दिला. तो म्हणाला, "माझा बापूस खेचरा घेऊन डोंगरान जाय. ह्या सायबांनी फोटोत बगून सांगितला." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. निकेशनं हसतहसत माइक काढून घेतला आणि जेवणाची घोषणा केली.

लेल्यांनी त्याला मांडवामागे गाठून सांगितलं, निदान माझं नाव तरी घासून काढ. निकेशनं उद्याच, म्हणून सांगितलं. पुढच्या तीन आठवड्यांत लेल्यांनी सात फोन केले. शेवटी त्या नावावर काळी चिकटपट्टी लागली. पलटण तशीच राहिली, आजही आहे.

उद्घाटनाच्या दुपारी पंगतीत काशिराम मात्र त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. त्यानं विचारलं, खेचरांना नावं असायची का, आणि एका माणसाकडं किती असायची? लेल्यांना रायफलीतला प्रत्येक स्क्रू पाठ होता, खेचरांचं काहीच ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं.

"बगा मंग कुठं मिलतंय काय," काशिराम म्हणाला, आणि वाढप्याला थांबवून त्यानं लेल्यांच्या पानात आणखी भात वाढायला लावला.