थोरल्या सासूबाईंचा कंगवा

मी एक कंगवा बोलतोय. माणसांच्या केसांचा नव्हे. माणसं आपल्या कंगव्याला आरसा देतात, खिसा देतात, गेलाबाजार एखादा खण तरी देतात. मला मिळाला खिळा. मागच्या गच्चीच्या दाराशी, पायपुसण्याच्या वर. जागा वाईट नव्हती. तिथून गच्चीही दिसते आणि स्वयंपाकघरही, आणि घरातलं खरं बोलणं या दोनच जागी होतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादी तारा कापल्या, टोकं घासून गोल केली, पट्टीत ओवली, झालो मी तयार. निम्मे दात विरळ, निम्मे दाट. विरळ दातांनी गुंता सोडवायचा, दाट दातांनी आतली लोकर काढायची, एवढंच माझं शिक्षण. पुढे दुकानात रबरी हाडांच्या आणि रंगीत पट्ट्यांच्या गर्दीत लटकत राहिलो. येणारा जो तो गुलाबी ब्रश उचलायचा. एक दिवस एक बाई आल्या. त्यांनी मला काढलं आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथं कातडी सगळ्यात पातळ असते, ओढून पाहिलं. ओरखडा उठला नाही. "हा द्या," म्हणाल्या.

त्यांना घरात सगळे आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. खाली त्यांची लाँड्री, वर घर. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं आणि मग मुलाच्या हाती दिलं. मोकळे झालेले हात कशात तरी गुंतवायचे म्हणून त्यांनी कुत्रीचं एक पिल्लू आणलं होतं.

पिल्लू शिबा जातीचं, मूळ जपानचं. तोंड कोल्ह्याचं, कान टोकदार, शेपूट पाठीवर वळवून ठेवलेलं. अंगाने लहान, पण बसली की असं वाटावं, हिच्या नावावर घर आहे आणि बाकीचे भाडेकरू. कुणी "ये, ये" केलं की ती मान फिरवायची. पंजा माग, देत नसे. घरात तिनं कधी घाण केली नाही. बाहेर पाऊस असेल तर उंबऱ्यावर उभी राहून आभाळाकडे पाहायची, जणू कुणी मुद्दाम तिची अडवणूक केली आहे, आणि तशीच दिवसभर कळ काढायची. नखं कापायला धरली की मात्र अशी किंकाळी फोडायची की डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाहेर बसलेली माणसं आपापली जनावरं उचलून घरी निघायची. डॉक्टर म्हणायचे, "अजून हात लावला नाही मी तिला." खरंच नसायचा लावलेला.

आईंचं आणि तिचं जमलं, कारण आईंनी तिला कधी बोलावलं नाही. सकाळी गच्चीत पाटावर बसायच्या, मला मांडीवर ठेवायच्या आणि रस्त्याकडे बघत राहायच्या. थोड्या वेळाने ती आपली आपण यायची आणि पाठ करून बसायची. मग माझं काम सुरू.

या जातीचा कोट दुहेरी असतो. वर राठ केस, आत मऊ लोकर. वर्षातून दोनदा ती लोकर सुटते, आणि सुटते म्हणजे ओंजळीनं. त्या दिवसांत रोज विंचरावं लागतं. मांड्यांच्या मागे, मानेखाली, शेपटाच्या बुडाशी, जिथं दिसत नाही तिथं आधी. आई तसंच करायच्या. निघालेली लोकर उशीच्या अभ्र्यात भरायच्या. खाली दुकानात काळे कोट टांगलेले असत, पण एकावरही कधी केस सापडला नाही.

मुलाचं लग्न झालं आणि सून आली. मुलानं पहिल्याच दिवशी ओळख करून दिली, "या घरात तुला सासूबाई दोन. ही बसलीय ती थोरली."

"पाया पडू का?" सुनेनं विचारलं.

"पड. पण आशीर्वादाची अपेक्षा ठेवू नकोस."

सून कमी बोलणारी. येणारेजाणारे कुत्रीला हाका मारायचे, चुटक्या वाजवायचे, बिस्किटं दाखवायचे. ही गच्चीत बसून मटार सोलायची आणि तिच्याकडे पाहायचीसुद्धा नाही. एका दुपारी थोरल्या सासूबाई आल्या आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसल्या. सुनेचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. घरात कुणाला सांगितलं नाही तिनं. मला मात्र तेव्हाच कळलं की ही पोरगी बघते खूप आणि बोलते हिशेबानं.

आता जे सांगतो ते आधी फक्त मला माहीत होतं.

आईंची पकड सुटत चालली होती. बोटांचे सांधे सुजले, वाकेनासे झाले. आधी मी त्यांच्या तीन बोटांत असायचो, मग मुठीत आलो, मग मुठीतूनही घसरू लागलो. पडलो की त्या इकडेतिकडे पाहायच्या आणि मला पायानं जवळ ओढायच्या. पुढे पुढे त्या मला फक्त पाठीवरून फिरवू लागल्या. वरवर, दिसेल असं. मांड्या राहिल्या, मान राहिली. सुटलेली लोकर आतच अडकायची आणि मग दिवसभर घरभर उडायची. जिन्यावरून खाली दुकानात जायची. मी काय करणार? कंगव्याला दात असतात, जीभ नसते.

आणि व्हायचं ते झालं. एक वकील आपला काळा कोट परत घेऊन आले. काउंटरवर पसरला. "कोट माझा आहे, की तुमच्या कुत्रीचा? एकदा ठरवा, म्हणजे कोर्टात तिलाच पाठवतो." मुलगा कानकोंडा झाला. त्या आठवड्यात आणखी दोघे तेच सांगून गेले.

इस्त्रीवाले काका जुने, प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत. म्हणाले, "सरळ भादरून टाका. मेंढरांना नाही का भादरत? केसही नाहीत, कटकटही नाही. आणि या उकाड्यात तिलाही बरं."

मुलाला पटलं. त्याचा जीव होता हो कुत्रीवर. खालच्या बॉयलरनं वरची फरशी तापायची, ती न्हाणीघरात ओल्या लादीवर पसरायची, ते त्याला बघवत नव्हतं. आई सांधे दाखवायला डॉक्टरकडे गेल्या होत्या तेवढ्यात तो तिला घेऊन गेला आणि मशीन फिरवून आणली.

परत आली ती अर्धी होऊन. गुलाबी कातडी, तिच्यावर खुंट, आणि शेपूट, जे कधी पाठीवरून उतरलं नव्हतं, ते खाली. ती कुणाकडे न पाहता पलंगाखाली गेली.

आई आल्या. वाकून पाहिलं. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"उकाडा किती आहे, आई. तिलाच बरं म्हणून..."

"तिला विचारलंस?"

"कुत्रीला काय विचारायचं?"

"मग मला विचारायचंस." त्या भिंतीला धरून उठल्या. "अरे, तो कोट थंडीचाच नसतो. ऊनसुद्धा तोच अडवतो. कधी कधी पुन्हा नीट येतच नाही तो."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी त्याला ओरडायला हवं होतं. मुलगाही त्याचीच वाट पाहत होता.

गच्चीतल्या उन्हानं कुत्रीची पाठ लाल झाली. खाणं निम्म्यावर आलं. आणि केस? ते काही थांबले नाहीत. आधीची लोकर निदान हातानं उचलता यायची. आता ते बारीक खुंट सुईसारखे कापडात रुतायचे. इस्त्रीवाले काका चष्मा लावून चिमट्यानं एकेक उपसत बसायचे. मेंढरांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

शेवटी मुलगा जेवताना म्हणाला, "ताई कुत्रीला आपल्या सासरी घेऊन जाते म्हणाली. तिच्याकडे अंगण आहे. रविवारी येईल."

मला वाटलं, आता आई ताट सरकवतील. आई म्हणाल्या, "पाठव."

एकच शब्द. सून वाढत होती. तिनं आईंच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. आई पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात उतरला आणि सुनेनं मला खिळ्यावरून काढलं. बरेच दिवस कुणी हात लावला नव्हता मला. ती आईंसमोर जाऊन बसली. "आई, हा धरायचा कसा? दाखवा ना."

आईंनी मला घेतलं. बोटं मिटली नाहीत. मी खाली पडलो. फरशीवर वाजलो, आणि त्या आवाजानंतर खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"कधीपासून?" सुनेनं विचारलं.

"तुझ्या लग्नाआधीपासून."

"म्हणून पाठव म्हणालात?"

"केस उडायचे ते माझ्यामुळे. त्याची शिक्षा तिनं भोगली, आता या हातांनी आणखी काय करू तिचं? आणि तुला सांगणार होते होय? नवीन लग्न झालंय तुझं. कुत्रीचे केस विंचरायला नाही आणली तुला."

"मग कशाला आणलीत?"

आईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. सुनेनं तिकडे पाहायचं टाळलं आणि मला उचलून माझे दात मोजल्यासारखं करत बसली.

त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "ताईंना येऊ नका म्हणून कळव."

"आणि केस?"

"उडत होते ते विंचरले जात नव्हते म्हणून. आईंचे हात चालत नाहीत. तुला माहीत नव्हतं, मलाही उशिरा कळलं. आता मी बघेन."

त्यानं वाकून पलंगाखाली पाहिलं. मग म्हणाला, "मी बिनपाण्यानं भादरलं गं दोघींना." आणि फोन करायला उठला.

विंचरायला काही नव्हतंच, तरी सून रोज सकाळी मला घेऊन गच्चीच्या सावलीत बसायची. पलंगाखालून कुणी येईना. ती तशीच उठून कामाला लागायची. किती दिवस गेले, मी मोजले नाहीत. एकदा मागे नखांचा आवाज झाला. ती वळली नाही. कुत्री आली, पाठ करून बसली. सुनेनं मला नुसतं टेकवलं, तर अशी किंकाळी उठली की खालून गिऱ्हाईक धावत जिना चढून आलं. आई आतून म्हणाल्या, "थांब. हात काढू नकोस, हलवूही नकोस. तिचा श्वास खाली बसू दे. हं. आता मानेपासून." आईंचा आवाज आणि सुनेचा हात, अशी माझी नवी नोकरी सुरू झाली.

कोट यायला वर्ष लागलं. आला, पण सगळा नाही. शेपटाच्या बुडाशी एक टक्कल राहिलं ते राहिलंच. तिथं पोचलो की सून मला उचलून पलीकडे ठेवते. शेपूट मात्र वर चढलं. पलंगाखालचा मुक्काम हलला. आता दुकानातले कोट कुणी परत आणत नाही.

मी म्हातारा झालोय. दाट बाजूचे दोन दात गेले. तरी तुमच्याकडे अशी एखादी असेल तर सांगतो, ऐका. तिला मशीन लावू नका. बोलावू नका, बसा. आणि घरात केस उडायला लागले तर कुत्रीकडे बघण्याआधी, कंगवा ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे एकदा बघा.

परवाची गोष्ट सांगून थांबतो. सून कुत्रीला विंचरत होती. आई गच्चीत आल्या. केस मोकळे होते, पाठीवर विस्कटलेले. हातात कंगवा, माणसांचा. त्या सुनेच्या पुढ्यात पाट ओढून बसल्या, तिच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत.

"वारा घ्यायला बसलेय मी," म्हणाल्या.

"बसा की," सून म्हणाली.

कुत्री उठली आणि थोडी सरकून पलीकडे बसली. सुनेनं मला फरशीवर ठेवलं, आईंच्या मांडीवरचा कंगवा घेतला आणि टोकापासून गुंता सोडवायला लागली. माझ्या दातांत अजून लोकर अडकलेली होती. ती काढायची त्या दिवशी राहूनच गेली.