पूजेआधीचं फळ

दुपारची सगळी गल्ली निजली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती फिरत राहिलं. कोकिळा धावत गेली. ओट्याशी तिची लेक प्राची उभी होती. मुठीत चारोळ्या, गालातही चारोळ्या.

"अगं, शिऱ्यात घालायला ठेवल्यात त्या!"

"ह्या झाडाला लागतात?"

"झाडाला फळ लागतं. काळं, इवलंसं, गोड. ही त्याच्या आतली बी."

"मग मला फळ दे ना."

कोकिळा नुसती हसली. कुठून देणार? ते फळ ऐन उन्हाळ्यात पिकतं, आणि तोडलं की संध्याकाळपर्यंत मऊ पडून आंबतं. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या बोरमाळ पाड्यावरून तिच्या अमळनेरच्या घरी पोचायची ती वाळवून फोडलेली बी. लग्न झाल्यापासून एकाही उन्हाळ्यात तिला माहेरी जाणं जमलं नव्हतं. कधी नवऱ्याची गिरणीतली पाळी, कधी सासूबाईंचं दुखणं. पोर पोटात असताना तर स्वप्नातसुद्धा तिची बोटं त्या रसानं जांभळी व्हायची.

यंदा तिनं हट्टच धरला. "एक रात्र राहून येते," ती नवऱ्याला, युवराजला म्हणाली आणि प्राचीला घेऊन एसटीत बसली.

पाड्यावर पोचली तेव्हा डोंगरउतारावरची झाडं फळांनी लगडलेली होती. काही हिरवी, काही काळी पडू लागलेली. कोकिळाचे डोळे भरून आले. पण तिची आई, बेबाबाई, पाण्याचा तांब्या देता देता म्हणाली, "पोरी, आठ दिवस उशिरा येवाले पाहिजे व्हतं. पूजा बाकी शे."

गावदेवाची पूजा झाल्याशिवाय चारोळीला हात लावायचा नाही, ही भिल्लांची जुनी रीत. मधल्या काळात ती मोडली होती. जंगलावर गावाचा हक्कच नव्हता. बाहेरून जीपा यायच्या, फळांसकट फांद्या तोडून न्यायच्या. मग पाड्यावरचेही म्हणू लागले, आपण सोडलं तर दुसरा तोडील. तेही कच्चंच तोडू लागले. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला, तेव्हा ग्रामसभेनं पहिला ठराव केला तो हाच : पूजेआधी फळ नाही, आणि फांदी कधीच नाही.

कोकिळाला हे ठाऊक होतं. तरी सकाळी तिनं आपल्या भावाला, वनाला, बाजूला घेतलं. "दुपारच्या गाडीनं जायचंय रे. पोरीपुरती एक ओंजळ दे."

"अक्का, यंदा राखणीले मीच शे."

"बहिणीपुढेसुद्धा फॉरेस्टवाला झालास का रे? हो, हो! उद्या दंडाची पावती फाडशील माझ्या नावाची!"

वनाचा चेहरा उतरला. तो टोपली घेऊन चढणीला लागला. मागोमाग कोकिळा, तिचं बोट धरून प्राची. वनाचा हात फांदीपर्यंत पोचला होता. इतक्यात खालून हाक आली, "वना!"

झुलालनाना काठी टेकत वर येत होते. ग्रामसभेच्या वन समितीचे ते अध्यक्ष. कोकिळाला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून हेच जंगल दाखवलं होतं.

"नाना, मी काय व्यापारी आहे?" कोकिळा म्हणाली. "मी इथली लेक. एका ओंजळीनं जंगल संपतं का?"

"ओंजळघाई संपत नही, माय." नाना दगडावर टेकले. "काल जीपवाला उना व्हता. त्याले मी सांगं, पूजा व्हवाशिवाय नही. तो हसना आनि गया. आज वनानी बहीणले दिधं, मंग उद्या त्याले मी कोन्त्या तोंडघाई सांगू? पाड्यावरनी कोन्ती पोर कोनी बहीण नही?"

नानांनी काठीनं झाडाखालचा पाचोळा अलगद सारला. "हाई देख."

बोटभर उंचीची रोपं! चारोळीची! इथं दोन, तिथं तीन, कोवळी, तांबूस पानांची.

कोकिळा खाली बसली. तिच्या लहानपणी या डोंगरावर चारोळीची मोठी झाडंच होती. रोप तिनं कधी पाहिलंच नव्हतं. रुजायला बी खाली पडेल तर ना! लेकरं नसलेल्या गावासारखं होतं हे रान, आणि तिला तेव्हा ते कळलंही नव्हतं. वर पानांत हरोळ्यांचा थवा फडफडला. एका दगडामागे अस्वलाची वाळकी विष्ठा पडली होती, बियांनी भरलेली. त्या बियाही पावसात रुजणार होत्या.

"वना, टोपली पालथी घाल," ती म्हणाली. आणि मग रडूच आलं तिला. "चुकले रे मी! तुलाच बोलले!"

"आते रडू नको, पावती फाडसू," वना म्हणाला. ती रडता रडता हसली.

आपण शहरातली माणसं म्हणतो, जंगल वाचवायचं तर माणसांना बाहेर काढा. पण ज्याला हे रान आपलं म्हणता येतं, तोच पिकेपर्यंत थांबतो. हक्क काढून घेतला, तर राहते ती नुसती ओरबाडाओरबाड. हक्क हाती असला, तर माणूस गावच्या लेकीलाही नाही म्हणू शकतो, आणि त्या एका नकारावर पाखरं, अस्वलं, उद्याची झाडं, सगळी जगतात. आपण निदान त्या हक्काच्या आड येऊ नये!

दुपारी फाट्यावर एसटी आली. बेबाबाईनं नातीच्या गालावरून हात फिरवला, वनानं पिशवी वर दिली. गाडी वळणावर आली तशी कोकिळा मान वळवून डोंगराकडे बघत राहिली. प्राचीनं तिचा पदर ओढला.

"आई, पूजा झाल्यावर आजीला फळं मिळतील?"

"हो."

"मामाला? पाखरांना? अस्वलाला पण?"

"हो गं. जे इथले आहेत त्या सगळ्यांना."

"मग आई, आपण कुठले?"