पित्ताचं निमित्त

अंबाडी खुडायच्या आधी बुडाची माती बोटांनी हलवून घ्यायची, ही त्रिवेणीची माहेरची सवय. देगलूरकडच्या काळ्या रानात वाढलेली बाई ती. लगीन होऊन हैद्राबादेत आली, चिक्कडपल्लीला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड मांडलं, पर हाताला माती लागल्याबिगर तिचा दिवस काही उगवायचा नाही. म्हणून गच्चीवर फुटक्या टबांत आन् तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिनं अंबाडी लावलेली. माती भावानं पोत्यात भरून बसच्या टपावरून धाडलेली.

संसारात बाईला सुख असून असून केवढं? घरातली उठायच्या आत कपभर चहा घेऊन त्या टबांपाशी टेकायचं. पाऊस पडून उघडला की मातीचा वास यायचा, आन् ती बसल्या जागी घटकाभर बापाच्या रानात जाऊन यायची. मग दुपारी लसणाची चरचरीत फोडणी, ज्वारीची गरम भाकर. अंबाडीला हैद्राबादी गोंगुरा म्हणणारी पोरगी चारुलता बोटं चाटत म्हणायची, "आई, गोंगुरा मस्त है आज." पोरगा प्रशांत फोनात डोळे घालून जेवायचा, पर भाकर एक जास्तीच मागायचा. तेवढ्यावर तिचं पोट भरायचं.

त्या रविवारी भादव्याचं ऊन चामडी सोलत होतं. थोरली नणंद इंदुताई गावाहून आलेली, आन् आल्या आल्या तिनं फर्मान सोडलेलं, "त्रिवेणे, तुझ्या हातची अंबाडी खाल्ल्याबिगर मी काई गाडीत बसत नाई बग." म्हणून ही खुडायला वर गेली. कोपऱ्यातल्या मोठ्या टबात आज बोटं नेहमीपेक्षा खोल गेली, आन् मातीखाली काहीतरी गिळगिळीत लागलं.

वर काढून बघती तर लालसर चिकट लगदा. त्यात सुपारीची खांडं. बोटं नाकाशी नेली. जर्दा! पान खाऊन थुकलेला, वरनं माती लोटून नीट झाकलेला, मांजर झाकतंय तसा. दुसऱ्या टबात उकरलं, तिथंबी तेच. खालच्या पानांवर लाल शिंतोडे वाळलेले. तिला आपलं आजवर वाटायचं, तांबेरा पडलाय.

तिचा नवरा उमाजी बेगम बाजारात मिरचीच्या आडतीवर मुकादम. गालात पांढरा चट्टा आला, डॉक्टरनं भ्या घातलं, तवा पाडव्याला पोरांच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं पान-जर्दा सोडला होता. तवापासनं सांजचं जेवण झालं की हा 'हवा खायला' गच्चीवर जायचा.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," म्हणत त्रिवेणी हात धुवायला उठली. उठता उठता तिला दुसरंच आठवलं. पाडव्यापासनं ह्या बाबानं अंबाडीला तोंड लावलं नव्हतं. आधी मिटक्या मारत खाणारा माणूस! "नको, मला पित्त होतंय," म्हणून वाटी सरकवायचा. आन् सरकवायचा कुणापुढं? पोरांपुढं. "तुमी खावा रं, आईनं हौसेनं लावलीया."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून आपण खात नव्हता, आन् लेकरांना खाऊ घालत होता.

पोरांचं हागमूत तिनं काढलं होतं. मरायला टेकलेल्या सासूची वांती वंजळीत झेलली होती. तवा किळस नावाला वाटली नव्हती. आज मात्र साबणानं हात रगडून रगडून लाल झाले, तरी अंगावरचा काटा बसंना.

खाली येऊन कुणाच्या नकळत तिनं पिशवी उचलली. स्वतःच नारायणगुड्याच्या भाजीवालीकडं गेली, अंबाडीच्या जुड्या आणल्या. धुतल्या, शिजवल्या, घोटल्या. ताटं मांडली.

"वरल्या टबातलीच ना गं?" इंदुताईनं विचारलं.

"तर काय," त्रिवेणी म्हणाली, आन् नवऱ्याकडं बघत राहिली.

उमाजीनं मान खाली घातली. आता तरी बोल, ती मनात म्हणत होती. आक्का, खाऊ नको, एवढं म्हण. पाल पडली म्हण, करपली म्हण, काईबी खोटं सांग, पर त्यांच्या तोंडातला घास थांबव. एवढं केलंस तरी मी बाकीचं सगळं गिळीन.

इंदुताईनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला. "अमरूत हाय बग! उम्या, घे की रं."

"नको आक्का. पित्त होतंय."

"ल्हानपणी गाडगं पुसून खायचास, आन् आता पित्त?"

उमाजी हसल्यासारखं हसला. त्यानं आपली वाटी उचलली आन् चारुलताच्या ताटात उपडी केली. "घे बाळा, माझ्या वाटणीची तू खा."

त्रिवेणीच्या मस्तकात तिडीक गेली.

"खा चारू, बिनघोर खा. बाजारची हाय ती," ती म्हणाली. "टबातली का आणली नाई, ते तुझ्या बापाला इचार. आक्का, तुमचा भाऊ रोज सांजच्याला त्या टबांत जर्दा थुकतोय आन् वरनं माती लोटतोय. पाडव्यापासनं! पित्त-बित्त काई नाई. आपलाच थुका आपल्याला गिळवंना, म्हणून लेकरांच्या ताटात ढकलतोय."

प्रशांतनं फोन पालथा ठेवला. चारुलता तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली. बाजारची असली तर काय झालं? आजवर खाल्लेली तर टबातलीच होती.

"तू धुऊनच शिजवतीस की," उमाजी पुटपुटला. "त्यानं काई हुत नाई."

"मग तुमी का खाल्ली नाई?"

इंदुताई जन्मभर भावाच्या बाजूनं भांडलेली बाई. तिनं हातातली भाकर खाली ठेवली. "मुडद्या, ढोरंबी आपल्या वासराच्या चाऱ्यात घाण करत नाईत रं," ती म्हणाली आन् हात धुऊन उठली.

दुपारच्या उन्हात उमाजीनं टब रिकामे केले. अंबाडीसकट सगळी काळी माती पोत्यांत भरली आन् एकेक पोतं पाठीवर घेऊन जिना उतरला. भावाची माती चाललेली बघून त्रिवेणीच्या डोळ्याला पाणी आलं, पर 'ठेवा' म्हणून तिच्या तोंडून निघालं नाही. जिन्यात शेजारच्या अलकानं विचारलं, "काय वो वैनी, एवढं चांगलं पीक का टाकायलाव?"

"कीड लागली," त्रिवेणी म्हणाली.

सांजच्याला उमाजी हळूच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वाढतीस का?"

"वाढते की. पर आजपासनं तुमचं ताट, तुमचा तांब्या तुमी घासायचा. माझा हात लागायचा नाई."

"किती दिस?"

"किळस जाईस्तोवर."

"ती कवा जाईल?"

"मला काय ठावं? तुमी घासत ऱ्हावा."

तो जेवला. ताट उचलून मोरीत गेला, नळ सोडला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं, घासणी कुठं असती?"

त्रिवेणीनं आपलं ताट वाढून घेतलं आन् आरामात पहिला घास मोडला.