दारावरची दोन नावं

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. पितळेची, वीतभर रुंद, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या गल्लीत सगळ्या दारांवर नुसते आकडे आहेत. नाव लावलेलं दार एकच, ते माझं. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर माझ्याकडे वळतेच, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

माझा जन्म साताऱ्याचा. ईशिताच्या लग्नात तिच्या बाबांनी मला करून घेतलं. मुलगी परदेशी चालली आहे, तिथे तिच्या दारावर तिचं नाव हवं, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. कोरणाऱ्याने हात बसवायला म्हणून आधी माझ्या पाठीवर 'ईशिता' असं कोरून पाहिलं. त्यातली ई जरा वाकडी आली. मग मला उलटं करून पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत 'ईशिता आणि जय' कोरलं. पाठीकडे कोण बघतंय, म्हणून ती वाकडी ई तशीच राहिली.

जय इथे स्लाऊतच जन्मला आणि वाढला. आईवडील पुण्याचे, त्यामुळे मराठी बोलायचा, पण धडपडत. मला दारावर लावताना त्याने माझ्यावर मोबाईल टेकवून मी सरळ आहे का ते पाहिलं, आणि दोन पावलं मागे जाऊन विचारलं, "वाकडं नाही ना झाला?"

"वाकडी," ईशिता म्हणाली, आणि दोघं कितीतरी वेळ हसत उभे राहिले. माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस.

मला घराच्या आतलं काही दिसत नाही. दाराशी जे घडतं तेवढंच माझं जग. पण माणसं दाराशी किती खरी बोलतात हे मी इथे टांगून राहिले म्हणून मला कळलं. पाहुणे आत चहा घेताना काय बोलतात कोण जाणे. निघताना चपला घालता घालता मात्र मनातलं बोलून जातात.

शेजारच्या दाराच्या चौकटीला चांदीची एक छोटी डबी आहे, मुद्दाम तिरकी लावलेली. तिला मेझुझा म्हणतात. आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी असतात. ते घर हदासामावशींचं. मूळच्या मुंबईच्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं लंडनला. घरातून निघताना आणि परतताना मावशी त्या डबीला बोटं लावून ओठांना टेकवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झाले. धातूच्या एवढ्याशा तुकड्यावर माणसं केवढा भरवसा ठेवतात!

माझ्यावरही असाच भरवसा ठेवला जातोय हे मला कळलं ते पद्माकरकाकांमुळे. हे जयचे काका. व्हिसाच्या बाबतीत सगळं मराठी मंडळ त्यांचा सल्ला घ्यायचं, आणि कोणी नाही विचारला तरी ते द्यायचे. दर दिवाळीच्या पाडव्याला ईशिता जयला ओवाळायची, आणि लगेच काका दोघांना दाराबाहेर काढायचे. आदल्या दिवशी चिंच लावून मला लख्ख घासलेलं असायचं. माझ्या दोन बाजूंना दोघं उभे, आणि समोर काका फोन घेऊन. "पाटी दिसली पाहिजे. होम ऑफिसला एकत्र राहण्याचा पुरावा लागतो." होम ऑफिस म्हणजे व्हिसा देणारं इथलं सरकारी खातं.

ईशिता आली होती ती जयची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. मध्ये तो एकदा वाढवून घ्यायचा, आणि पाच वर्षं पुरी झाली की कायमचं राहण्याची परवानगी. अट अशी की तोवर नवराबायको खरोखर एकत्र नांदत असायला हवेत. व्हिसा वाढवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी काकांच्या लक्षात आणून दिलं की माझ्यावरची अक्षरं तिकडे कोणाला वाचता येणार नाहीत. झालं, काकांनी माझ्यावरच्या दोन नावांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घेतलं, सहीशिक्क्यानिशी. पगाराच्या, भाड्याच्या, कौन्सिल टॅक्सच्या कागदांच्या ढिगात माझाही फोटो गेला. त्याच्याकडे कोणी पाहिलं की नाही देव जाणे. पण मी त्या दिवशी चाट पडले. साताऱ्याच्या एका बोळात कोरलेली दोन नावं, आणि त्यांच्या आधारावर एवढ्या मोठ्या देशाचं दार एका बाईसाठी उघडं राहिलं होतं.

व्हिसा वाढला. ईशिताला इथल्या शाळेत फिजिक्स शिकवायची नोकरीही लागली होती. बघता बघता चार वर्षं सरली, आता जेमतेम वर्षभर काढायचं होतं.

तेवढ्यात जयला एडिनबराला बँकेत काम मिळालं. आधी तो दर शनिवारी यायचा. बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्यावर टिचकी मारायचा. मग एक शनिवार आड. मग टिचकी बंद झाली. मी भांडण कधी ऐकलं नाही. दार आपटलं असतं तर मला हादरा बसला असता. दार नेहमी हळूच लागायचं, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं.

एके दिवशी दुपारी तो उरलेले कपडे न्यायला आला. पायरीवर उभं राहून म्हणाला, "ईशिता, तो पाटी राहू दे. तुझा आयएलआर होईपर्यंत फक्त. माझी पोस्ट पण इथेच येऊ दे. आय डोन्ट माइंड. नोबडी विल नो."

आयएलआर म्हणजे तीच कायमची परवानगी. जय वाईट नव्हता. त्याला जायचं होतं, पण तिचं नुकसान करून नव्हे.

"तू चांगल्या मनाने म्हणतोयस," ती म्हणाली. "मला विचार करू दे."

पुढच्याच आठवड्यात काका आले. आत न येता दारातूनच सुरू झाले. "घटस्फोट झालाय का? नाही ना? कागदावर लग्न आहे तोवर व्हिसा आहे. चारचौघांत बोलू नकोस म्हणजे झालं. पाडव्याला मी जयला बोलावतो, फोटो काढू."

"काका, व्हिसा लग्नाच्या कागदावर नाहीये. एकत्र राहण्यावर आहे. मी वकिलांना विचारून आले."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी किती मायेने माझे फोटो काढले होते! माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

वकिलाने काय सांगितलं ते तिने हदासामावशींना पायरीवर बसून सांगितलं. संसार मोडला की ते होम ऑफिसला कळवायचं. मग ते व्हिसा आखडता घेतात, बहुतेक वेळा साठ दिवसांवर आणतात. तेवढ्यात जायचं, नाहीतर दुसऱ्या कारणाने राहायची परवानगी मागायची. शाळेने स्पॉन्सर केलं तर कामाचा व्हिसा मिळू शकेल, पण बायको म्हणून काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत. मोजणी पुन्हा शून्यापासून.

"शून्यापासून," मावशी म्हणाल्या. "मग आधी शाळेत विचार ना. त्यांचं हो आलं की मग कळव."

"आणि नाही आलं तर? मग मी कळवणारच नाही, मावशी. माझी मलाच खात्री नाहीये." ती पुढे म्हणाली, "वर्गात मुलांना रोज सांगते, रीडिंग जे आलंय तेच लिहा, हवं ते लिहू नका. आणि घरी येऊन ही पाटी लावलेल्या दारातून आत जाते."

मला घाम फुटता तर तेव्हा फुटला असता. खोटं मी बोलत होते. काही न करता, नुसती लटकून.

तिने होम ऑफिसला कळवलं. आणि त्याच संध्याकाळी, शाळेचा होकार नाही, नकार नाही, काहीच हातात नाही, अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराबाहेर आली. मावशी शेजारून आल्या आणि त्यांनी हाताची ओंजळ पुढे केली. "काढतेस तर काढ, पोरी. स्क्रू माझ्याकडे दे, पडले की सापडायचे नाहीत."

स्क्रू ड्रायव्हर घसरून मला ओरखडा पडला, तो अजून आहे. मी बरंच पाहिलंय, पण एवढं धाडस मी कोणात पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यावर या देशात जे एकमेव छप्पर होतं, ते ती स्वतःच्या हाताने उतरवत होती, आणि खाली उभी राहून रडत होती, पण थांबत नव्हती.

पुढचे दिवस मी किचनच्या ड्रॉवरमध्ये काढले. जुन्या बॅटऱ्या, सेलोटेप आणि कुठल्यातरी हरवलेल्या कुलपाची किल्ली, अशी संगत. तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. व्हिसा आखडल्याचं कळलं. फोनवर बाबा म्हणाले, "परत ये, बाळा. इथे काय कमी आहे?" ती म्हणाली, "येईन बाबा, पण मला यावंसं वाटेल तेव्हा. मला काढलं म्हणून नाही." मग शाळेत हेडने होकार दिला. मग ती बोटांचे ठसे द्यायला क्रॉयडनला जाऊन आली. मग नुसतं थांबणं. रात्रंदिवस तिच्या पावलांचा आवाज, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मुदत संपायच्या आत अर्ज गेला असला तरी उत्तर काय येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर फोनवर आलं, एका ओळीच्या ईमेलमध्ये. इथे आता हातात व्हिसाचं कार्डही देत नाहीत. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि ती मावशींना हाक मारत बाहेर गेली. मिळाला होता व्हिसा. तिच्या स्वतःच्या कामावर, तिच्या एकटीच्या नावावर. कायमच्या परवानगीसाठी पाच वर्षं आता पहिल्या दिवसापासून मोजायची होती.

मग ड्रॉवर उघडला. तिने मला टेबलावर घेतलं आणि चिंच लावून घासायला लागली. पाठ घासायला मला उलटं केलं, आणि तिचा हात थांबला.

"मावशी, हे बघा. इथे माझं नाव आहे."

मावशींनी चष्मा लावला. "ई वाकडी आहे गं."

"बाबांनी कधी सांगितलंच नाही."

"मग पुढच्या बाजूचं काय करायचं? ती दोन नावं घासून टाकायची का?"

"नको," ईशिता म्हणाली. "ते खोटं नव्हतं."

तिने मला पुन्हा दारावर लावलं, यावेळी पाठ बाहेर करून. जुन्याच भोकांत, जुनेच स्क्रू. मोबाईल टेकवून कोणी पाहिलं नाही.

"तिरकी लागली," मावशी म्हणाल्या.

"राहू दे. तुमची डबीपण तिरकीच आहे."

तर आता मी अशी आहे. अंगावर एक ओरखडा, एक वाकडी ई आणि एकच नाव. स्लाऊला कधी आलात तर बेल वाजवायच्या आधी ते वाचा, तेवढंच मागणं आहे माझं. माझी दुसरी बाजू तुम्हाला दिसायची नाही. ती दोन नावं तिथे आहेत, दाराच्या लाकडाला गाल टेकून निजलेली. आता त्यांना कोणापुढे काही सिद्ध करायचं नाही. आणि सकाळी शाळेला निघताना ईशिता शेजारच्या दाराकडे बघते, मग आपली दोन बोटं माझ्यावर टेकवते आणि ओठांना लावते.