नंदीच्या गाड्याची चाके

"प्रदर्शनात मांडलेली ही मोटारसायकल संपूर्णपणे मूळ अवस्थेत असून तिचा प्रत्येक भाग अस्सल असल्याचे वारसा वाहन प्रदर्शन समितीने तपासणीअंती प्रमाणित केले आहे."

मुक्तिसंग्रामदिनाच्या निमित्ताने धाराशिवच्या मैदानावर उभारलेल्या मंडपात हे वाक्य काचेच्या चौकटीत लावले होते. वाक्य सुबक होते, प्रसंगाला शोभेल इतके गंभीरही होते. त्यात निर्विवाद खरा असा शब्द मात्र एकच होता, आणि तो म्हणजे 'मोटारसायकल'.

'संपूर्णपणे' हा शब्द पाहावा, तर आसनाचे कातडे सोलापुरात शिवलेले होते आणि हॉर्न एका निकामी ट्रॅक्टरचा होता. 'तपासणीअंती' म्हणावे, तर जी तपासणी सुरूच झाली नाही तिला अंत कुठून असणार? राहता राहिली समिती. तिचे सदस्य तीन. एक मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेले. दुसऱ्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली आणि गाडीचा रंग कोणता एवढेही विचारले नाही. तिसरे गृहस्थ समितीचे अध्यक्ष होते, या वाक्याचे लेखक होते आणि गाडीचे मालकही होते. हे डॉ. अमरनाथ, तुळजापूरच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक.

अमरनाथांचा दरारा असा की ते जेवायला येणार म्हटल्यावर लोक भिंतीवरची वंशावळ उतरवून ठेवत. मागाहून कोरलेला शिलालेख, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली सनद, दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या कमरेला परवा घडवलेली तलवार. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. सुटू नये याहीपेक्षा, पकडल्याचे जगाला कळावे ही त्यांची इच्छा अधिक प्रबळ होती. परंड्याच्या विरेश नावाच्या एका हौशी संग्राहकाने आपल्या जुन्या मोटारसायकलीवर 'मूळ चाकांसह' अशी पाटी लावली, तेव्हा अमरनाथांनी एका नियतकालिकात सहा पाने खर्चून ती चाके मूळ नसल्याचे सिद्ध केले. लेखाला चोवीस तळटीपा होत्या. विरेशने मुकाट्याने पाटी उतरवली. त्या मौनाला अमरनाथांनी कबुली मानले.

अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीला चाकेच नव्हती.

गाडी त्यांच्या वडिलांची. तात्या गुरांचे डॉक्टर; महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली एक अवजड इंग्रजी मोटारसायकल त्यांनी मिळवली आणि तिच्यावरून अर्धा तालुका पालथा घातला. एकाहत्तर साली इंजिनाने मान टाकली. गाडी गोठ्यात गेली. पुढे कधीतरी तिची चाके कुणीतरी काढून नेली. कुणी, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर अमरनाथांनी ती बाहेर काढली तेव्हा सांगाड्याखाली विटा होत्या. पत्नी शारदाबाई म्हणाल्या, "तात्यांनी जन्मभर पळवली. तुमच्याच्यानं निदान उभी तरी राहू द्या."

वर्षभरात इंजिन बोलू लागले, टाकीला रंग चढला. चाकांपाशी मात्र सगळे अडले. मापाला बसणारी नवी चाके मिळत होती. ती अमरनाथांनी 'प्रक्षिप्त' ठरवली. पुण्याच्या जुन्या बाजारातील एका दुकानदाराने अगदी तशीच जोडी दाखवली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे तिचा पूर्वेतिहास मागितला. दुकानदाराने त्यांना नीट न्याहाळले आणि चाके परत आत नेली. इकडे प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली, गाडीचे नाव यादीत पहिले, आणि विरेश येणार हे ठरलेले. लेख विसरणारा माणूस जन्माला यायचा आहे, निदान ज्याच्यावर लेख लिहिला तो तरी. आपल्या गाडीवर विरेश एखादी तळटीप काढील, या विचाराने अमरनाथांची झोप उडाली.

नेमकी तेव्हा मोबाइलवर एक चित्रफीत आली. जळकोटमधली बसवजयंतीची मिरवणूक. एका लहानशा गाड्यावर पाषाणाचा नंदी, भोवती झांजा, आणि गाड्याखाली तारांच्या काड्यांची, दरसाल गेरू आणि चुना फासून जाडजूड झालेली दोन चाके. अमरनाथांनी चित्र थांबवून मोठे केले. काड्यांची वीण, मधल्या तुंब्याचा घेर, सारे जुळत होते. शिवाय जळकोट हे तात्यांच्या फिरतीचे गाव. पुरावा दोन मुद्द्यांचा होता. एवढ्या पुराव्यावर विद्यार्थ्याने काही लिहिले असते, तर अमरनाथांनी त्याचा प्रबंध परत पाठवला असता.

गाडा आडतदुकानदार महालिंगप्पांच्या घराण्याकडे होता. त्यांनी सरांना गादीवर बसवले, पत्नी सिद्धम्माला कन्नडमधून चहाचे सांगितले आणि चाकांविषयी विचारताच एका दमात उत्तर दिले, "आमच्या काकानं सोलापूरच्या भंगारातनं आणल्याली हैत."

इथे संशोधन संपायला हवे होते. अमरनाथांनी ते सुरू केले. काकांच्या वयात स्मृती दगा देते, मौखिक परंपरेत दूरच्या शहराचे नाव उगाच चिकटते, तात्या या घरची गुरे तपासायला येत असणारच, उपकाराची फेड म्हणून वस्तू देण्याची त्या काळी रीत होती. महालिंगप्पा आधी ऐकत होते, मग मान डोलवू लागले. दुसरा चहा येईपर्यंत त्यांना तात्या आठवले. तिसऱ्या चहाला तात्या त्यांच्या अंगणात उकिडवे बसून स्वतःच्या हाताने चाके सोडवत होते आणि लहानगे महालिंगप्पा पाना धरून शेजारी उभे होते.

"सोलापूरच्या भंगारातली म्हणत होता न्हवं?" सिद्धम्मांनी कप उचलता उचलता विचारले.

"तू गप गं. सर काय शिकल्याले न्हाईत का?"

अमरनाथांनी ही साक्ष जशीच्या तशी टिपून घेतली. आयुष्यभर त्यांनी ज्यांची चामडी लोळवली ते बनावट कागद करणारे कारागीर निदान कागद तरी स्वतः पिवळे करत. इथे साक्षीदारच चहात बुडवून काढला होता.

बदल्यात नवी चाके द्यायला अमरनाथ तयार होते, पण गाडा देवाचा. देवाला विचारल्याशिवाय त्याचे काही काढायचे नाही, हा तिथला रिवाज. गावच्या मठातल्या नंदीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कण्हेरीचे एकेक फूल चिकटवायचे. उजवे आधी पडले तर देवाने दिले, डावे पडले तर विषय संपला. मठाचे शिवलिंग स्वामी शांतपणे म्हणाले, "मागा की, सर. नंदीनं दिलं तर आमी कोण न्हाय म्हणणारं?"

फुले लावून कौल घेण्याच्या प्रथेवर अमरनाथांचे एक व्याख्यानच होते. गुरुत्वाकर्षण, पृष्ठताण आणि लोकभ्रम असे त्याचे तीन भाग होते. त्यांनी ते अनेक गावांत दिले होते आणि एका गावात अर्धवट सोडून एस. टी. गाठली होती. तेच अमरनाथ आता मांडी घालून, हात जोडून, एका फुलाकडे डोळे लावून बसले. मृग कोरडा गेलेला, गाभारा भट्टीसारखा तापलेला. फुले जागची हलेनात. मग त्यांच्या ध्यानात आले की डावे फूल देठापाशी सुकत चालले आहे आणि किंचित कलते आहे.

कोपऱ्यात कुणा दिवंगताच्या स्मरणार्थ मठाला दिलेला उभा पंखा होता. उकडते आहे, लावला तर चालेल का, असे त्यांनी विचारले. स्वामींनी डोळे न उघडताच मान हलवली. पंखा सुरू झाला आणि मान डावी-उजवीकडे वळवू लागला. तो नंदीच्या उजव्या खांद्यासमोर आला तेव्हा अमरनाथांनी मागची खुंटी अशी काही ओढली की पंख्याची मान तिथेच अडकली. गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण यांचे पुढे काय झाले ते सांगायला नको. उजवे फूल पडले. महालिंगप्पांनी कपाळ जमिनीला टेकले. सोबत अमरनाथांनीही टेकले. एकट्याने ताठ बसणे संशयास्पद दिसले असते.

चाके तुळजापुरात आली आणि धुळाप्पा मेकॅनिकच्या दुकानात उघडी पडली. गेरूचे आणि चुन्याचे थर खरवडता खरवडता रिमवर ठोकलेला शिक्का दिसू लागला. त्यात कारखान्याचे चिन्ह होते आणि साल होते. अठ्ठ्याहत्तर. गाडी बंद पडून सात वर्षे झाल्यानंतरचे.

अमरनाथांनी बोटाने चुना पुसून आकडे पुन्हा वाचले. परक्याच्या वस्तूवर असा शिक्का सापडला असता तर त्यांना अत्यानंद झाला असता. आता त्यांच्या मनात आले की सात हा झिजलेला चार असू शकतो आणि आठ हा गंजलेला तीन, म्हणजे साल युद्धातले त्रेचाळीस. मग स्वतःचीच शरम वाटून त्यांनी तो विचार सोडला. लगेच सोडला असे मात्र नाही.

धुळाप्पाने तुंब्यात आस घालून पाहिला. तो सैल गेला. ब्रेकची ताटली बसेना, मागच्या चाकाचे दातेरी चक्र साखळीच्या रेषेत येईना. "सर, ही ह्या गाडीची न्हाईत," तो म्हणाला आणि लगोलग त्याने धीरही दिला, "काय बिघडत न्हाय. बूश टाकला की कुणाचंबी कुणालाबी बसतंय."

बूश टाकले. दातेरी चक्राखाली चकती घातली. धुळाप्पाने काड्या आवळून चाके सरळ केली, पण पुढचे उलट्या बाजूने बसवले आणि ब्रेकची तार पोचेना म्हणून पुन्हा उतरवले. सारी दुपार त्यात गेली. रिम रंगवायची वेळ आली तेव्हा तो विडी ओढायला बाहेर गेला. काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला अमरनाथांनी उचलला. शिक्क्यावर त्यांनी दोन हात दिले, वाळू दिले आणि वर तिसरा दिला. घरी येऊन त्यांनी प्रमाणपत्राचे वाक्य लिहिले. 'अस्सल' हा शब्द त्यांना पहिल्याच प्रयत्नात सुचला.

आणि आता ते मंडपात उभे होते.

सकाळीच जळकोटहून टेम्पो भरून माणसे आली. आपल्या नंदीची चाके सरकारी मंडपात मांडली आहेत याचा त्यांना केवढा अभिमान. सिद्धम्मांनी चाकांना हळदकुंकू लावले. महालिंगप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते की तात्यांनी चाके कशी दिली आणि देवाने ती कशी परत केली. कथेत आता पाऊस होता, अडलेली गाय होती, आणि फूल पडताना घंटा आपोआप वाजली होती. अमरनाथ प्रत्येक वेळी नम्रपणे हसत होते. घंटा त्यांना खटकली. पंखा ज्याला खटकला नाही त्याला घंटा खटकावी, एवढी विद्वत्ता अजून शिल्लक होती.

मग विरेश आला. त्याने पाटी वाचली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाकाशी उकिडवा बसला. आता हा बोट ठेवील, आता हा हसेल. उत्तर त्यांच्याकडे तयार होते. त्यात लष्करी कारखान्यांच्या पुरवठ्याचा इतिहास होता आणि विरेशला चार वाक्यांत गप्प करण्याची ताकद होती.

विरेशने खिशातून मोबाइल काढला आणि चाकाची छायाचित्रे घेऊ लागला. पुढून, बाजूने, तुंब्याजवळून.

"सर, तुमचा लेख वाचला तवापासून माझी चाकं खोटी हैत हे कळलं होतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता; अमरनाथांनी तो शोधून पाहिला. "पण खरी कशी असत्यात ते दावणारं कुणी न्हवतं. आता ही बघून हुडकतो. माझी जुनी जोडी उद्याच भंगारात घालतो. तात्यांपसून आल्याली गाडी म्हणल्यावर ह्याच्यावर आनि कुठला पुरावा?"

पुण्याच्या दुकानदाराने आत नेलेली चाके अमरनाथांच्या डोळ्यांपुढे आली. ती कशी होती हे आता त्यांना काही केल्या आठवेना. विरेशच्या चाकांचेही तेच. त्यांच्यावर त्यांनी सहा पाने लिहिली होती. उद्या ती भंगारात जाणार होती, आणि त्यांच्या जागी या लबाड जोडीची नक्कल फिरणार होती, पुराव्यासह, अमरनाथांच्या नावाने. त्यांना आजवर कुणी इतक्या श्रद्धेने उद्धृत केले नव्हते.

त्यांनी विरेशच्या हातातला मोबाइल खाली केला. मंडपाच्या सूत्रसंचालकाला वाटले, सरांना दोन शब्द बोलायचे आहेत. त्याने तत्परतेने माइक पुढे केला. तो नाकारण्याची संधी होती. महालिंगप्पांनी टोपी सारखी केली, सिद्धम्मांनी डोक्यावरचा पदर ओढून घेतला, आणि विरेश शिष्यासारखा दोन पावले मागे सरून उभा राहिला. पुढे अमरनाथ जे बोलले ते सूत्रसंचालकाच्या ध्वनिमुद्रण यंत्रात आहे, आणि ते शब्दशः असे:

"ही चाकं या गाडीची नाहीत. रिमवर साल आहे, ते मी वाचलं आणि त्याच्यावर रंग मारला. महालिंगप्पांनी मला पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं होतं. ते विसरायला मी त्यांना शिकवलं. फूल नंदीनं पाडलं नाही, पंखा मी अडकवला. प्रमाणपत्रही माझं मीच लिहिलं. विरेश, तुमची चाकं भंगारात घालू नका. ती मूळची असतील, नसतील. मूळची चाकं कशी असतात, ते मला माहीत नाही."