पुसलेली तळटीप

तळटीप म्हणजे स्लाइड बनवणाऱ्याचा भित्रेपणा, असं मी गेली बारा वर्षं नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले. महत्त्वाचं असेल ते वर मोठ्या अक्षरात लिहा, नसेल ते काढून टाका. खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी टाकायचं आणि उद्या अंगाशी आलं की ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणून हात वर करायचे, हे आपल्याकडे चालणार नाही! केवढ्या तोऱ्यात म्हणायचे मी हे. आज कुणी माझ्यासमोर ते वाक्य म्हटलं, तर त्याच्या तोंडावर कागदांचा गठ्ठा फेकावासा वाटेल.

आमचा कारखाना औषधांच्या काचेच्या बाटल्या बनवतो. माझा मात्र काचेशी संबंध नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राला खेटून बसते आणि साहेब लोकांच्या स्लाइड बनवते. ते चाळीस ओळींचा तक्ता आणून आदळतात, मी त्यातून एक वाक्य काढते. एका स्लाइडवर एकच गोष्ट, आणि मथळा म्हणजे नुसतं नाव नाही, पूर्ण वाक्य. झाली की कागदावर छापायची, जमिनीवर टाकायची आणि उभ्यानं वाचायची. वाकावं लागलं तर अक्षर लहान आहे. वाचून झाल्यावर ‘बरं, मग?’ असं मनात आलं तर स्लाइडच चुकली आहे. संचालकांची बैठक असली की सगळ्या खात्यांचे साहेब माझ्याकडे रांग लावतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या रांगेत सगळ्यात पुढे असायचे उत्पादनाचे साहेब. त्यांना आम्ही आपसांत नेक्स्टसाहेब म्हणतो. बैठकीत ते रिमोटला हात लावत नाहीत. पडद्याशेजारी उभं राहून नुसतं ‘नेक्स्ट’ म्हणतात, आणि कोपऱ्यात बसून बटण मी दाबते. घरी जेवताना भाजी संपली की बायकोलाही तेच म्हणत असणार, असा आमचा अंदाज आहे.

जूनअखेर ते एक तक्ता घेऊन आले. तपासणी विभागाच्या नजरेतून दर महिन्याला किती खराब बाटल्या निसटतात, त्याचे आकडे. या विभागात बावीस बायका आहेत. पांढऱ्या दिव्याच्या काचेपुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात आणि त्या डोळ्यांत तेल घालून तडा, बुडबुडा, काठाचा टवका शोधतात. बाविसांतली एक माझी सख्खी वहिनी. मी वरच्या मजल्यावर राहते, दादा-वहिनी खालच्या. जेवण एकत्र, भांडणंही एकत्र.

“कॅमेऱ्याचं यंत्र घ्यायचंय,” साहेब म्हणाले. “जरा सुटसुटीत करून द्या.”

“आणि बायका?”

“त्यांना दुसऱ्या विभागात सामावून घेऊ. त्यांच्या डोळ्यांनाही आराम.”

मला पटलं. वहिनीचे डोळे आताशा सारखे लाल दिसायचे. मी स्लाइड सुटसुटीत केली. ग्राफमागची जाळी पुसली, चौकट पुसली, रंगांची यादी पुसली. जानेवारीत दहा हजारांत तीन बाटल्या निसटत होत्या, जूनमध्ये नऊ. एक रेषा, मार्चपर्यंत राखाडी, पुढे तांबडी, टोकाला नऊचा आकडा. वर वाक्य घातलं, ‘डोळ्यांची तपासणी आता पुरी पडत नाही.’ तक्त्याच्या खाली, फुलीची खूण करून, तळटिपेची एक ओळ होती: मार्चपासून पट्ट्याचा वेग मिनिटाला नव्वदवरून एकशे तीस बाटल्या करण्यात आला. मी ती वाचली. वाचलीच नाही असं म्हणून सुटता येईल, पण मी वाचली आणि काढली. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की अशा देखण्या रेषेच्या पायाशी हे बारीक अक्षर घाण दिसतंय.

बैठकीत ती स्लाइड आली आणि संचालकांच्या अध्यक्ष असलेल्या मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघितल्यावर बोलायला काही उरतच नाही,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यात माझी छाती फुगली. मग पाच मिनिटांत यंत्र तत्त्वतः मंजूर झालं, आणि त्याच दमात, त्याच आवाजात, बावीस पदं बंद करायचं ठरलं. शिक्कामोर्तब पुढच्या मंगळवारी. सामावून घेण्याचा स कुणी उच्चारला नाही. मी नेक्स्टसाहेबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

“नेक्स्ट,” ते म्हणाले. आणि मी दाबलं की बटण!

रविवारी दुपारी खाली गेले. वहिनी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडली होती. मी सांगायला गेले होते नोकरीचं, पण तोंडातून भलतंच निघालं. खरं सांगते, मला तिचाच राग आला होता. आकडे मी स्वतः बघितले होते ना!

“तुम्ही बायका करता काय तिथं? गप्पा? तीनच्या नऊ झाल्यात निसटलेल्या बाटल्या. आता विभागच बंद करतायत. बावीसच्या बावीस जणींना नारळ!”

ती उठून बसली. रुमाल मांडीवर पडला.

“कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला हवं? ग्राफ आहे.”

“अहो वन्सं,” ती टोमणा मारत म्हणाली, “तुमच्या त्या ग्राफला म्हणावं, एक दिवस माझ्या स्टुलावर येऊन बस. पट्टा किती पळतो माहितीये? आधी बाटली समोर यायची, मी तिला बघायचे, ती जायची. आता बघते-बघते म्हणेपर्यंत तिची पुढची पाठमोरी झालेली असते. डोळ्यांना विसावा म्हणून वीस मिनिटांनी जागा बदलायची, तेही बंद केलं. दोनदा अर्ज दिला आम्ही. मला विचारशील तर नऊच निसटतात हेच नवल आहे.”

“कधीपासून?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. ती फुलीवाली ओळ अक्षरन् अक्षर माझ्या डोळ्यांपुढे उभी होती.

“मार्चपासून,” वहिनी म्हणाली. मी ओळ पुसल्याचं तिला तेव्हा सांगितलं नाही. मंगळवारी सगळं सरळ करून टाकते, एवढंच म्हणाले आणि वर निघून आले.

सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले ते दार न वाजवता. तळपायाची आग मस्तकात गेली होती. “वेग तुम्ही वाढवलात आणि खापर त्यांच्या डोक्यावर फोडताय?” मी विचारलं. “हे तुम्ही लपवलंत!”

त्यांना राग आला नाही, हेच मला आजही सहन होत नाही. त्यांनी शांतपणे मी स्लाइड बनवण्याआधीचा तक्ता काढला आणि पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवलं.

“मी कुठं लपवलं? हे काय, लिहून दिलं होतं. तुम्ही काढलंत.”

“तुम्ही मला थांबवायचं होतंत.”

“मी का थांबवू? तुमच्या हातात दिलं की असलं सगळं आपोआप जातं, मॅडम. म्हणून तर तुमच्याकडेच देतो.” वर हसले. मनापासून, कौतुकानं हसले!

बारा वर्षं मला वाटत होतं की मी या लोकांना स्पष्ट बोलायला लावते. आणि हा माणूस मला बोळ्यासारखं वापरत होता, पुसायला. मुद्दाम लपवलं असतं तर निदान त्याच्या अंगावर काहीतरी राहिलं असतं. इथं कागदावर तो धुतल्या तांदळासारखा, आणि पुसणारा हात माझा. ती ओळ परत घालू का, असं विचारलं तर म्हणाले, “तो विषय झाला. आता उगाच गोंधळ नको.”

मी घातली. तळटीप म्हणून नाही, पूर्ण स्लाइड केली. दोन रेषा: एक पट्ट्याच्या वेगाची, एक निसटलेल्या बाटल्यांची. मार्चपर्यंत दोन्ही आडव्या, मार्चपासून दोन्ही वर. मथळा, ‘वेग वाढवला, म्हणून चुका वाढल्या.’ छापली, जमिनीवर टाकली, उभ्यानं वाचली. आयुष्यात यापेक्षा चांगली स्लाइड केलेली नाही. साहेबांना न सांगता पाचव्या जागी बसवली.

मंगळवारी साहेब चौथ्या स्लाइडवर बोलले आणि म्हणाले, “नेक्स्ट.” माझी स्लाइड आली. त्यांनी मान वळवून ती वाचली. पापणी हलली नाही.

“नेक्स्ट.”

मी हात मांडीखाली घेतला.

“नेक्स्ट,” ते जरा मोठ्यानं म्हणाले.

“नाही,” मी म्हणाले. बाराजणांच्या माना एकदम वळल्या. बटणवाल्या बाईला आवाज असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं. मी उभी राहिले आणि सांगितलं. मागच्या वेळी एक ओळ पुसली होती, मी पुसली होती, ती ही. पट्टा पुन्हा नव्वदवर आणा आणि एक महिना बघा, मग ठरवा. एक वाक्यही अर्धवट सोडलं नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “यात दोन रेषा आहेत,” त्या म्हणाल्या.

“हो. कारण दोन गोष्टी घडल्यात.”

“मागच्या वेळी एकच होती. ती कशी चटकन समजली होती. अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या.” शेजारच्या संचालकांनी मान डोलावली. “हे जरा गोंधळाचं वाटतं,” ते म्हणाले. “मागची स्लाइड जास्त स्पष्ट होती.”

माझ्याच कामानं माझं तोंड बंद केलं होतं. खोटी स्लाइड इतकी नेटकी झाली होती, की खरीला आत शिरायला फट राहिली नव्हती. वेग कमी केला तर माल कमी निघेल, असं कुणीतरी म्हणालं. यंत्र मंजूर झालं. बावीस पदं महिनाअखेर बंद. साहेबांनी बाहेर पडताना विचारलं, “मन मोकळं झालं ना?” आणि मला कामावरून काढलंही नाही! उलट नवं काम दिलं. बायकांना निर्णय समजावून सांगायचा, साध्या, सोप्या, सौम्य स्लाइड करायच्या. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “एक तुमच्या घरातलीच आहे, नाही का? तुमच्याकडून बरं वाटेल त्यांना.”

गुरुवारी जेवणाच्या खोलीत प्रोजेक्टर लावला. बावीस जणी बाकांवर बसल्या होत्या, डोक्याला जाळी तशीच. सौम्य वगैरे मी काही केलं नव्हतं. निर्णय सांगितला आणि माझी दोन रेषांची स्लाइड लावली. मला वाटलं, समजावावं लागेल. पुढच्या बाकावरची म्हातारी तपासनीस मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “हां, मार्च. पट्टा.” मागून कुणीतरी म्हणालं, “हेच तर अर्जात लिहिलं होतं मेल्यांना.” एकीचाही गोंधळ झाला नाही.

“ही बघून त्यांनी आम्हाला काढलं?” वहिनीनं विचारलं.

“ही नाही. आधीची.”

“मग ती दाखव की.”

मी टाळाटाळ केली, वायर हलवली, वेळ नाही म्हणाले. ती बसल्या जागेवरून नुसती बघत राहिली. शेवटी लावली.

ती उठून पडद्याजवळ गेली. रेषा बघितली, आकडा बघितला, मथळा वाचला. मग डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवली, चार वर्षं दिव्यापुढे फिरवत आली तशी. रेषेच्या खाली, पडद्याच्या तळाशी तिनं बोट टेकवलं.

“सगळीकडे कसं मापात बसवलंय,” ती म्हणाली. “इथंच एवढी मोकळी जागा का? इथं काहीतरी होतं ना?”

“होतं.”

“कुणी काढलं?”

“मी.”

तिनं बोट काढलं नाही. “काय होतं, ते मोठ्यानं वाच,” ती म्हणाली. “सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

मी बावीस जणींसमोर उभी राहून ते दहा शब्द पाठ म्हणून दाखवले. कुणी रडलं नाही, कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. वहिनी बाकावर जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.