अंड्याचं गुणोत्तर

श्यामरावच्या घंगाळातलं बियाणं एकदा झाडून सारं तरंगलं. आता ही गोष्ट झालीच नाही असं घरात ठरलेलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झालेली. रायपूर राजधानी झालं नि तिचे रस्ते पार गावाच्या शिवेला येऊन भिडले. पण राजधानीला धान पेरता येत नाही, ते श्यामरावलाच पेरावं लागे. आदल्या साली त्यानं पोचट बी पेरलं आणि बांधी, म्हणजे धानाचं शेत, अर्धवट हजामत केल्यासारखी उगवली. औंदा दुबराज या वासाच्या धानाचं दोन पायल्या बी उरलं होतं. ते फसलं की दुबराज घरातून कायमचा गेला.

ग्रामसेवक उपाय सांगून गेला. पाण्यात मीठ घालत जा, ताजं अंडं तरंगलं की धान टाका. तरंगेल ते पोचट, बुडेल ते पेरा. पण श्यामरावच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं घरात आलं असतं तर तोच घराबाहेर जाऊन बसला असता.

मग त्यानं डोकं लढवलं. अंडं म्हणजे काय, एक गोल गुळगुळीत वस्तू. तशी देवघरात होतीच. शाळिग्राम त्यानं हात जोडून घंगाळात सोडला. गुढियारीच्या बाजारातून आणलेलं दहा किलोचं मिठाचं पोतं निम्मं सरलं, देव तळाशी स्वस्थ. बारावीपर्यंत गणित शिकलेली सून कौमुदी दारातून बघत होती.

"मामाजी, थो नाही तरंगत."

"काहून? देव साऱ्या जगाले तारते. थो सोता बुडन काय?"

"लोकायले तारते. सोतासाठी काही केल्याचं मी तं आइकलं नाही."

श्यामरावनं रागानं उरलेलं पोतं उपडं केलं. मीठ विरघळेना, देव मिठाच्या ढिगावर बसला. हेच तरंगणं असं धरून त्यानं धान टाकलं, आणि जे झालंच नाही ते झालं.

"बुडालं आपलं बियाणं," श्यामराव उंबऱ्यावर बसत म्हणाला.

"बुडालं कुठं? तरंगून राहिलं. थेच तं वाईट."

तिनं काठोकाठ भरलेल्या लोट्यात शाळिग्राम सोडला नि सांडलेलं पाणी तोललं. देव अडीचशे ग्रॅम, पाणी शंभर. म्हणजे आपल्याएवढ्या पाण्याहून देव अडीचपट जड, आणि पाण्यात मीठ कितीही ओता, ते सव्वापटसुद्धा होत नाही. मग तराजू घेऊन ती शेजारच्या अंजनाबाईकडे गेली. तिथं अंडं भरलं पंचावन्न, सांडलेलं पाणी पन्नास. दहाला अकरा. अंडं तिथंच राहिलं, कौमुदी फक्त आकडे घेऊन घरी आली.

साध्या पाण्याचा लोटा भरला एक किलो. खाऱ्या पाण्याचा तेवढाच लोटा अकराशे ग्रॅम भरेपर्यंत, 'दहाले अकरा' असं पुटपुटत, तिनं घंगाळात साधं पाणी ओतलं. धान पुन्हा टाकलं. पोचट वर राहिलं, दीड पायली तळाला गेलं.

श्यामराव हरखला. मग थबकला.

"हे दहाले अकरा कोणाचे?"

"अंजनाबाईच्या कोंबडीचे."

त्या दुपारी तो जेवला नाही. पुजाऱ्याला विचारलं, तर अंड्याच्या आकड्यानं विटाळ होतो की नाही हे पोथीत नव्हतं. शेवटी बी तीनदा धुऊन, मनातून गुणोत्तर काढून टाकून त्यानं पेरलं. आठव्या दिवशी बांधी दाट हिरवी झाली, आणि नवव्या दिवशी त्यानं राजधानीला अर्ज धाडला:

'मा. कृषी अधिकारी साहेब यांस, अर्जदार शाकाहारी असून नाइलाजाने परक्या कोंबडीच्या प्रमाणाने पेरून बसला आहे. तरी पुढील हंगामापूर्वी, कोणत्याही कोंबडीने न घातलेले ताजे अंडे, नग एक, वजन पंचावन्न ग्रॅम, तपासणीपुरते मंजूर व्हावे, ही नम्र विनंती.'